राजपाल कंडक्टरची पाचवी भाषा

राजपालला चार भाषा येत होत्या. मराठी घरातली. कन्नड नोकरीनं शिकवली. सरकारी बसवर कंडक्टर म्हणून लागला तेव्हा परीक्षेपुरती घोकली आणि मग तिकिटं फाडता फाडता ती जिभेवर बसली. दखनी उर्दू बीदरच्या स्टँडवर, चहाच्या गाड्यापाशी. आणि तेलुगू औरादच्या रूटवर, तेलंगणातून येणाऱ्या बायकांशी सामानाच्या तिकिटावरून भांडून. गाडीत गर्दी झाली की तो ‘पुढं सरका’ हे चारही भाषांत एका दमात म्हणायचा, आणि एकही माणूस ‘मला कळलं नाही’ असं म्हणू शकायचा नाही.

बीदर जिल्ह्यातल्या खटकचिंचोळीतल्या बौद्ध वस्तीत त्याचं घर. बायको विमलबाई. एकुलती एक मुलगी स्नेहल.

स्नेहल हुशार निघाली. रायचूरला शेतीची पदवी घेतली, तिथंच पुढं शिकली. हरभऱ्याला मर लागते, उभं झाड वाळून जातं, त्यावर तिचा अभ्यास होता. त्याच अभ्यासासाठी तिला स्पेनला जायची शिष्यवृत्ती मिळाली. गाव कोर्दोबा. गावातल्या लोकांना नवल वाटलं. “हरबऱ्याची मर बघायला इत्क्या लांब कामून जायलीस बाई? आमच्या रानात ये, एका दिवसात दाखवतो,” असं शेजारचे लिंबाजी म्हणाले, तेव्हा स्नेहल पोट धरून हसली होती.

कोर्दोबात एका म्हातारीच्या घरात तिनं खोली घेतली. म्हातारीचं नाव एन्कार्ना. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. स्नेहलचा व्हिडिओ कॉल आला की ही म्हातारी मधूनच बाजूनं तोंड घालायची आणि हात हलवून ओरडायची, “ओला, अप्पा!” स्नेहल बापाला अप्पा म्हणायची, म्हणून तेच त्याचं नाव आहे असं तिला वाटलं. राजपालही हात हलवून ‘ओला’ म्हणायचा. एवढीच त्या दोघांची ओळख. विमलबाई पदर सावरून लांबून बघायची आणि विचारायची, “जेवायला नीट घालती का गं ती?”

दुसऱ्या वर्षी, तिकडं थंडी होती तेव्हा, स्नेहल प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडली. सकाळपासून डोकं दुखतंय म्हणत होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिच्याबरोबर काम करणाऱ्या हैदराबादच्या एका मुलानं फोन करून सांगितलं. राजपालकडं पासपोर्ट नव्हता, विमलबाईकडं तर नव्हताच. बीदर-हैदराबादच्या पलीकडं जायची वेळच कधी आली नव्हती. अर्ज केले, लोकांच्या पाया पडले, कलबुर्गीला गेले, हैदराबादला गेले. पासपोर्ट हातात आला. व्हिसा यायचा होता. तेवढ्यात तिकडून दुसरा फोन आला.

शरीर आणायला फार दिवस लागतील असं सांगितलं गेलं. फोनवरच हो म्हणावं लागलं आणि तिकडंच दहन झालं. हैदराबादच्या त्या मुलानं अस्थी आणल्या. मांजरा नदीत सोडताना विमलबाई काठावर उभी होती. रडली नाही. तिनं इतकंच विचारलं, “हे तिचंच हाय का?”

त्यानंतर एक-दोन दिवसांनी राजपालच्या फोनवर एन्कार्नाचा निरोप आला. तिचा आवाज होता. लांबलचक, मधेच थांबणारा, मधेच नाक ओढणारा. शब्द एकही कळत नव्हता. घरात माणसं बसली होती. कुणीतरी म्हणालं, फोनच भाषांतर करून देतो. पुतण्यानं काहीतरी दाबलं आणि पडद्यावर मराठी अक्षरं उमटली. राजपालनं ती मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

“तिला तसे पाहणे खूप प्रभावशाली होते.”

तो थांबला. परत वाचलं. मग न कळणारं सोडत पुढं गेला.

“ती खूप समंजस होती. तिचे सर्व मित्र आले. ते फार रोमांचक होते.”

विमलबाईनं मान वर केली.

“काय म्हणली? काय हुतं म्हणली?”

“रोमांचक,” राजपाल म्हणाला.

“म्हंजी?”

“म्हंजी मज्जा आली. सिनेमा बघितल्यावानी.”

विमलबाई उठली आणि आत गेली. राजपालनं पुढचं वाचलंच नाही. फोन खाटेवर टाकला. आतून विमलबाईचा आवाज आला, “त्या बाईचं नाव पुन्ना ह्या घरात काढू नका.”

नाव निघालं नाही. एन्कार्नाचे निरोप मात्र येत राहिले. महिन्यानं एक, मग तीन महिन्यांनी एक. राजपालनं ते ऐकले नाहीत आणि पुसलेही नाहीत. मग ते यायचे बंद झाले.

वर्ष उलटून गेलं. राजपाल निवृत्त झाला. घरात दोघंच. बोलायला काही उरलं नव्हतं असं नाही. पण जे बोलायचं ते एकाच विषयाला जाऊन भिडत होतं, म्हणून दोघंही गप्प राहायची. विमलबाईनं शेतातली कामं अंगावर ओढून घेतली. राजपाल स्टँडवर जाऊन बसायचा, गाड्या बघायचा, परत यायचा.

एकदा नात्यातल्या लग्नाला म्हणून तो औरादच्या गाडीत बसला. कंडक्टर नवा पोरगा होता, हुबळीकडचा, फक्त कन्नड बोलणारा. मागच्या बाकावर एक तेलुगू बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती. मधेच ती ओरडायला लागली, “बस आपंडी, चाला अवसरम्! चाला अवसरम्!”

कंडक्टर चिडला. कन्नडमध्ये म्हणाला, “अवसर सगळ्यांनाच असतो अक्का. गप बसा.”

बाई रडकुंडीला आली. तिला कळेना की हा का रागावतोय. राजपाल जागेवरून उठला.

“तम्मा, गाडी थांबव,” तो कन्नडमध्ये म्हणाला. “तुझ्या भाषेत अवसर म्हणजे घाई. तिच्या भाषेत अवसरम् म्हणजे गरज. ती घाई करत नाही. तिच्या लेकराला उलटी होतीय, तिला खाली उतरायचंय.”

गाडी थांबली. बाई लेकराला घेऊन रस्त्याच्या कडेला गेली. कंडक्टर ओशाळून म्हणाला, “मला वाटलं...”

राजपाल परत जागेवर बसला. शब्द एकच. इकडं घाई, तिकडं गरज. चार भाषांत आयुष्य काढलेल्या माणसाला हे नवीन नव्हतं. मग ती म्हातारी फोनवर नाक ओढत होती, ते मज्जा आली म्हणून?

लग्नात त्यानं फुलं टाकली, जेवला की नाही ते त्याचं त्यालाच आठवत नाही.

बीदरच्या डेपोत त्याच्या ओळखीचा सोमशेखर नावाचा मेकॅनिक होता. राजपालनं त्याला विचारलं, “इकडं कुणाला स्पेनची भाषा येत असंल का रे?” सोमशेखरला प्रश्न विचित्र वाटला, पण त्यानं चौकशी केली. बीदरमध्ये मिशनऱ्यांच्या एका आश्रमात मंगळूरकडची एक म्हातारी सिस्टर राहायची. तरुणपणी ती कित्येक वर्षं पेरू देशात होती. तिथं हीच भाषा बोलतात.

राजपाल तिच्याकडं गेला. सिस्टरचे गुडघे दुखायचे. ती व्हरांड्यात पाय लांब करून बसली होती. मराठी तिला येत नव्हती. दोघं कन्नडमध्ये बोलले. तिची कन्नड मंगळूरची, पुस्तकी, स्वच्छ. याची बीदरची, उर्दू मिसळलेली. तिला हसू आलं. मग राजपालनं खिशातून फोन काढला आणि त्या निरोपातली पहिली काही वाक्यं तेवढी ऐकवली. तीन शब्द स्पष्ट आले. पहिला इम्प्रेसिओनान्ते.

“ह्याचा अर्थ काय, सिस्टर?”

“देवळाचं उंच शिखर बघितलं तरी आम्ही इम्प्रेसिओनान्ते म्हणू,” सिस्टर म्हणाली. “आणि समोर अपघात झालेला बघितला तरी तेच म्हणू. मनावर घाव बसतो, खूण राहते, असं. चांगला की वाईट ते त्या शब्दाला कळत नाही. कोण बोलतंय, कशाबद्दल बोलतंय, त्यावरून ओळखायचं.”

“आणि एमोसिओनान्ते?”

“मन भरून आणणारं. डोळ्यांत पाणी आणणारं.”

“सेन्सिब्ले?”

“हळव्या काळजाची. कुणाची गोष्ट आहे ही?”

राजपालनं सांगितली. सिस्टरनं लांब केलेले पाय जवळ घेतले. मग हात पुढं करून म्हणाली, “आणा तो फोन. मी सगळं ऐकून सांगते. पाच मिनिटांचं काम आहे.”

राजपालनं फोन छातीशी धरला. “न्हाई सिस्टर. एकदा मशीनचं ऐकलो आणि एका म्हातारीला वर्षभर तोडून टाकलो. आता कुणाच्या तोंडून नको. मला शिकवा. मी माझ्या कानानं ऐकतो.”

“वर्ष लागेल तुम्हाला.”

“लागू द्या.”

दर गुरुवारी तो बीदरला जाऊ लागला. वयाच्या साठीत, कन्नडमधून स्पॅनिश, आणि ती डोक्यात उतरायची मराठीत. सिस्टरनं सुरुवातीला पाणी, भाकरी, घर, मी, तू असलं सगळं शिकवलं. पण राजपालचं मन त्या दुसऱ्याच शब्दांवर होतं. दुःख झालं की माणूस काय म्हणतो, ते आधी सांगा, असं तो म्हणायचा. मग सिस्टरनं तसे शब्द एकेक करून काढले. कोन्मोवेदोर, म्हणजे आतून हलवून टाकणारं. आब्रुमादोर, ज्याच्या ओझ्याखाली माणूस दबून जातो ते. देस्गार्रादोर, काळीज टराटरा फाडणारं.

“नीट ऐका,” सिस्टर म्हणाली. “शेवटी ‘दोर’ आलं, तर ती गोष्ट तुमचं काय करते ते सांगतोय आपण. शेवटी ‘दो’ आलं, तर तुमचं काय झालं ते. देस्गार्रादोर ती बातमी. देस्गार्रादो तुम्ही.”

“फाडणारं आणि फाटलेला,” राजपाल स्वतःशीच मराठीत पुटपुटला. मग कन्नडमध्ये म्हणाला, “आमच्यात बी तसंच हाय की.”

सगळ्याच भाषांत असेल, असं सिस्टर म्हणाली. मारणारा आणि मार खाल्लेला वेगळा ओळखल्याशिवाय कुणाचं भागतं?

घरी तो गोठ्यात शेण काढताना हे शब्द म्हणायचा. हलवणारं, हललेला. दाबणारं, दबलेला. एके सकाळी विमलबाईनं ऐकलं.

“हे काय मंतर म्हणायलाव?”

राजपालला खोटं बोलता आलं नाही. “स्नेहलच्या तिकडची भाषा हाय. शिकायलोय.”

विमलबाईच्या हातातली पाटी खाली आली. “कशाला?”

“त्या म्हातारीनं काय म्हणलं हुतं ते ऐकायचंय. मशीनीनं चुकीचं सांगितलं, विमल. तिनं तसं म्हणलं न्हवतं.”

“आणि कळून काय हुणार? पोरगी येणार हाय?” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “तुम्हाला शब्द शिकायचं सुचतंय. मला तिचं नाव घेतलं तरी श्वास घ्यायला येत न्हाई.”

ती पाटी उचलून निघून गेली. राजपालनं शिकणं सोडलं नाही, पण घरात म्हणणं सोडलं. विहिरीवर जाऊन म्हणायचा.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी, विमलबाई शेजारच्या शकुबाईकडं पापड लाटायला गेली असताना, त्यानं दार लोटून घेतलं आणि तो निरोप लावला. एकदा ऐकला. काही कळलं, बरंच निसटलं. म्हातारी शब्दांची शेपटं खाऊन टाकत होती. सिस्टरनं सांगितलं होतं, तिकडच्या दक्षिणेतले लोक असंच बोलतात आणि राजधानीतले त्यांना हसतात. राजपालला ते पटकन समजलं. ‘जायलाय, करायलाय’ म्हटलं की पुण्याकडून आलेले पाव्हणे कसे हसतात ते त्यानं आयुष्यभर बघितलं होतं. त्यानं पुन्हा ऐकला. पुन्हा. संध्याकाळपर्यंत सगळा निरोप त्याच्या मराठीत उभा राहिला.

“अप्पा, कसं सांगू कळत नाही. तिला तसं निजलेलं बघितलं, एवढीशी पोर, तो धक्का माझ्या डोळ्यांतून जात नाही. फार हळवी होती हो. शेजारची मांजर मेली तर दोन दिवस जेवली नाही. तिच्या बरोबरीची सगळी मुलं आली, दवाखान्याच्या वाटेत उभी राहिली, कुणी बोललं नाही. माझं मन भरून आलं. शेवटपर्यंत मी तिचा हात धरून होते. तुम्हाला आणि तिच्या आईला एवढंच कळायला पाहिजे. ती एकटी नव्हती. अप्पा, ती एकटी नव्हती.”

हीच शेवटची वाक्यं त्या दिवशी वाचायची राहून गेली होती.

बाकीचे निरोपही त्यानं ऐकले. एकात, स्नेहलला जाऊन वर्ष झालं म्हणून मेणबत्ती लावल्याचं सांगितलं होतं. एकात तुम्ही रागावलात का, असं विचारलं होतं. एकात नुसतंच “अप्पा...” आणि मग बराच वेळ काही नाही, फक्त रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज.

त्या रविवारी त्यानं फोन लावला. इथं दिवे लागायची वेळ, तिकडं दुपार. पलीकडून तोच आवाज आला. राजपालनं सगळं पाठ करून ठेवलं होतं, पण तोंड उघडलं तसं सगळं विस्कटलं. मला माफ करा, मला तुमची भाषा कळत नव्हती, एवढं कसंबसं म्हणाला. मग, मी आणि माझी बायको फाटून गेलोय, असं सांगायला गेला आणि घाईत ‘दो’च्या जागी ‘दोर’ लावून बसला. आम्ही काळीज फाडणारे आहोत, असं झालं ते.

मग म्हातारी एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली.

“नाही अप्पा, तुम्ही नाही,” ती म्हणाली. “तुम्ही कुणाला काही केलं नाही.”

मग तिनं तो शब्द हळू, तोडून तोडून, नीट करून सांगितला. राजपालनं तिच्यामागून म्हटला. लहान पोर म्हणतं तसा.

त्यानंतर दर रविवारी फोन. एन्कार्ना स्नेहलबद्दल बोलायची आणि राजपालला जी मुलगी भेटायची ती त्याला अर्धीच माहीत होती. स्नेहल तिकडं गाऊन भांडी घासायची. घरी तर कधी तिचा गाण्याचा आवाज ऐकला नव्हता. पहिल्या हिवाळ्यात ती आईची आठवण काढून उशीत तोंड खुपसून रडायची आणि घरी सांगू नका म्हणायची. माझा बाप झोपेत थांब्यांची नावं घेतो, असं सांगून ती भालकी, हलबर्गा, बीदर अशी नक्कल करायची. एन्कार्नानं ती नावं आपल्या जिभेनं मोडून-तोडून म्हणून दाखवली. राजपाल हसला. हसता हसता त्याला लुंगीच्या टोकानं डोळे पुसावे लागले.

विमलबाई त्या वेळी चुलीपाशी असायची. यायची नाही. पण रविवारी भाकरी थापताना तिचा हात हळू चालतो, आवाज होऊ देत नाही, हे राजपालच्या ध्यानात आलं होतं.

एका रविवारी ती पीठाच्या हातानं उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

“तिला इचारा,” ती म्हणाली.

“काय?”

“पोरीनं पाणी मागितलं का शेवटी?”

राजपालनं विचारलं. एन्कार्नानं खरं ते सांगितलं. स्नेहल बोलतच नव्हती. डॉक्टरांनी तिला औषधानं झोपवलं होतं. काही मागितलं नाही. पण ओठ सुकत होते, म्हणून मी कापसाचा बोळा भिजवून सारखा लावत होते.

राजपालनं शब्दाला शब्द लावून ते विमलबाईला सांगितलं. स्वतःचं काही घातलं नाही, काही गाळलं नाही. विमलबाई खाली बसली, उंबऱ्यावरच. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो राजपालनं याआधी ऐकला नव्हता. नदीकाठी निघायला हवा होता तो. फोन चालूच होता. पलीकडं एन्कार्नाला सगळं ऐकू जात होतं. तिनं फोन ठेवला नाही. कितीतरी वेळ दोन देशांतल्या दोन बायका एकमेकींचं रडणं ऐकत होत्या आणि मधे राजपाल फोन धरून बसला होता. भाषांतर करावं असं त्यात काही नव्हतं.

पुढच्या रविवारपासून विमलबाई शेजारी येऊन बसायला लागली. स्पॅनिश तिनं शिकली नाही. “काय म्हणली?” एवढंच विचारायची. राजपालनं सांगितलं की मान हलवायची. एकदा तिनं राजपालला एन्कार्नासाठी तिळाच्या चटणीची कृती सांगायला लावली आणि तीळ भाजणं आणि जाळणं यातला फरक सांगताना राजपालच्या नाकी नऊ आले. स्नेहलचं नाव घरात पुन्हा घेतलं जाऊ लागलं. घेताना विमलबाईचा आवाज कापायचा, पण ती घ्यायची.

हे असं दोन-अडीच वर्षं चाललं. मग एन्कार्ना विसरू लागली. आधी एकच गोष्ट दोनदा सांगायची. मग अप्पा कुठून बोलतोय ते विचारायची. तिची भाची रोसिओ येऊन तिच्यापाशी राहिली. तिनं राजपालला बाजूला घेऊन बोलावं तसं फोनवर सांगितलं, मावशीला आता आजार आहे, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. राजपालनं सिस्टरला विचारलं, अशा माणसाशी काय बोलावं? सिस्टर स्वतः थकली होती. तिला मंगळूरला परत नेणार होते. ती म्हणाली, “ती जिथं असेल तिथं जाऊन बोला. तिला ओढून आपल्याकडं आणू नका.”

पावसाळा संपता संपता एका रविवारी त्यानं फोन लावला. एन्कार्नानंच उचलला. आवाज खुशीत होता.

“कोण?”

“मी अप्पा.”

“अगंबाई, अप्पा! अहो, स्नेहल नाही घरात. पाव आणायला खाली गेलीय. येईलच आता वर.”

विमलबाई शेजारीच होती, त्याच्या तोंडाकडं बघत होती. त्यानं डोळे मिटले. सिस्टरनं शिकवलेले ते सगळे मोठे शब्द त्याला त्या वेळी येत होते, फाडणारे, दाबणारे, हलवणारे. त्यातला एकही त्यानं उच्चारला नाही.

“बरं,” तो म्हणाला. “आली की तिला सांगा, वडलांचा फोन होता.”

“सांगते, सांगते,” एन्कार्ना म्हणाली. “उशीर करते हो ती. त्या पाववाल्या बाईशी बोलत बसते.” आणि तिनं फोन ठेवला.

“काय म्हणली?” विमलबाईनं विचारलं.

राजपालनं फोन खाली ठेवला. काय सांगावं, किती सांगावं, असं त्याला पहिल्यांदाच झालं. पण या घरात एकदा चुकीचं सांगितलं गेलं होतं.

“म्हणली, स्नेहल घरात न्हाई. पाव आणायला गेलीया. येईल आता.”

बाहेर कुणाच्या तरी म्हशी परतत होत्या. विमलबाईनं गुडघ्यावर हनुवटी टेकली.

“मग तुम्ही काय म्हणलाव?”

“आली की सांगा म्हणलो. वडलांचा फोन हुता म्हणून.”

मग पदराच्या टोकाची गाठ सोडत, पुन्हा बांधत म्हणाली, “मी बी हाय म्हणून सांगायचं हुतं की. आई बी आठवण काढायलीया म्हणून.”

त्यानंतर फोन रोसिओच उचलायची. मावशी झोपलीय, मावशी ओळखत नाही, मावशी आता बोलत नाही. थंडीत एके सकाळी रोसिओचा निरोप आला. दोन ओळींचा. राजपालला तो एका वाचनात कळला. मशीन लागलं नाही, सिस्टर लागली नाही.

त्यानं उत्तरात ‘लो सिएन्तो’ एवढंच पाठवलं. दुःखात तिकडचे लोक हेच म्हणतात. अर्थ साधाच आहे, मला ते जाणवतंय.

विमलबाई म्हणाली, “तिचं पुण्यानुमोदन आपल्या इथं करायचं.” गेलेल्या माणसासाठीचा हा विधी तिच्यासाठी करायचा म्हणून वस्तीतल्या काही लोकांना नवल वाटलं. बाई ख्रिस्ती, कुठली कोण. पण विमलबाईनं ऐकलं नाही. विहारात बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा भंतेजींना ते उच्चारता येईना, म्हणून राजपालनं म्हटलं. मग वस्तीतले म्हातारे माणिकराव म्हणाले, “राजपाल, बाई कोण हुती, दोन शब्द सांग लोकाला.”

राजपाल उभा राहिला. चार भाषांत एका दमात गाडीभर माणसं सरकवणारा माणूस, पण त्याला सुरुवात सापडेना. लोक वाट बघत होते. विमलबाई खाली मान घालून बसली होती.

“आमची पोरगी गेली तवा आम्ही तिथं न्हवतो,” तो शेवटी म्हणाला. “ही बाई हुती.”

आणि तो खाली बसला.